पंच म्हणून सही केली, आता साक्षीची तारीख आली

वाचकाचं पत्र:

ताई, मी एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात पोलिस ठाण्यातून आमच्या साहेबांना फोन आला आणि आम्हा दोघांना पंच म्हणून पाठवलं गेलं. खुनाच्या गुन्ह्यात एकाला अटक झाली होती. त्याच्या अंगावरचा शर्ट आमच्यासमोर उतरवून घेतला. डाव्या बाहीवर तांबडे डाग होते. पंचनामा लिहिला, आम्ही सह्या केल्या. आता सत्र न्यायालयाचं समन्स आलं आहे. ऑफिसातले म्हणतात, डीएनए जुळलाय, आता तुझ्या साक्षीला काय अर्थ? ‘सही माझीच’ एवढं म्हण आणि ये. पण एक गोष्ट मला खुपते. शर्ट दमट होता आणि हवालदारांनी तो आधी प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत टाकला. खाकी पाकीट थोड्या वेळाने आणलं, मग शर्ट त्यात घालून लाखेचं सील केलं. पंचनाम्यात कॅरीबॅगेचा उल्लेखच नाही. हे कोर्टात बोललो तर गुन्हेगार माझ्यामुळे सुटेल का? नाही बोललो तर ती खोटी साक्ष होईल का? त्यात आरोपीच्या नात्यातले दोघं घरी येऊन ‘आता काही आठवत नाही म्हणा’ असं सांगून गेले. बायको म्हणते, यापुढे कुठल्याही कागदावर सही करायची नाही. रक्तगट जुळणं आणि डीएनए जुळणं यातला फरकही मला नीट कळत नाही. आणि त्या दिवशी रजा टाकायची का, तेही सांगा.

उत्तर:

कॅरीबॅगेचं सांगा. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटून सांगा आणि कोर्टात विचारलं तर तिथेही जसं घडलं तसं सांगा. पंचनाम्यात ते का नाही असं विचारतील. लिहिलं गेलं नाही आणि तुम्हीही तेव्हा बोलला नाहीत, असं झालं असेल तर तेच उत्तर. न्यायालयात शपथेवर खोटं सांगण्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमची झोप त्या शिक्षेने उडालेली नाही. खरं बोललो तर एका खुन्याला वाट मोकळी होईल, ही तुमची खरी भीती आहे. तिचं उत्तर कायद्यापेक्षा विज्ञानात जास्त आहे. मी न्यायसहायक प्रयोगशाळेच्या जीवशास्त्र विभागात नोकरी केली, असेच कपडे रोज हाताळले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खटला चालू असल्यामुळे तुमच्या शर्टाचं काय होईल हे मी सांगणार नाही, ते न्यायाधीश ठरवतील. तुमच्या पत्रातले ओळख पटेल असे तपशीलही काढले आहेत.

ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये घालू नये हे बरोबर आहे. आत वाफ धरते, जिवाणू वाढतात, बुरशी येते आणि डाग कुजतो. म्हणून रक्ताचा कपडा सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, आणि मग कागदात बांधायचा. प्रत्येक कपडा वेगळा. तुमच्या हवालदारांनी आधी कॅरीबॅग घेतली ती चूकच, पण शर्ट तिच्यात किती वेळ होता यावर बरंच अवलंबून आहे. कपडा आठवडाभर प्लॅस्टिकमध्ये कोंडून राहणं आणि पाकीट येईपर्यंत थोडा वेळ राहणं, यात फार अंतर आहे.

आता कुजल्यावर नेमकं काय होतं ते बघा. आपल्या डीएनएत काही ठरावीक जागा अशा असतात की तिथे चारेक अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे माणसागणिक बदलतं. प्रत्येक जागेचे दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. समजा एका जागी १४ आणि १७, दुसऱ्या जागी ९ आणि ११. प्रयोगशाळा अशा वीसेक जागा तपासते आणि त्या आकड्यांची जी रांग तयार होते तिला प्रोफाइल म्हणतात. डीएनएचा धागा कुजून तुटला की लांब तुकडे आधी जातात. मग अहवालात काही जागा रिकाम्या राहतात, कुठे दोनातला एकच आकडा दिसतो आणि फार वाईट झालं तर काहीच हाती लागत नाही. पण एका माणसाचा डीएनए कुजून दुसऱ्या माणसाचा होत नाही. दमट पिशवीने पुरावा नष्ट होऊ शकतो, तिच्यामुळे कुणाचं रक्त बदलत नाही. तुमच्या प्रकरणात प्रोफाइल जुळलं असं तुम्ही म्हणता, म्हणजे डाग तपासण्याजोगा उरला होता. कॅरीबॅगेची गोष्ट ऐकून न्यायाधीशांनाही हे विचारता येईल आणि डीएनए तज्ज्ञ साक्षीला आले की ते समजावून सांगतील. ते ओझं तुमच्या डोक्यावर नाही.

डाग दूषित होणं मात्र वेगळं आणि त्याची धास्ती मलाही कायम वाटत आली. बाहेरच्या कुणाचा डीएनए त्या कपड्यावर येऊन बसला तर अहवाल स्वच्छ येतो, आकडे नीट जुळतात आणि तरी तो खोटा असतो. जर्मनीतलं हाइलब्रॉन शहराचं प्रकरण आम्ही प्रत्येक नव्या मुलामुलीला सांगायचो. २००७ मध्ये तिथे एका महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस ठिकाणी सापडलेला होता, खुनापासून किरकोळ घरफोडीपर्यंत. पोलिस वर्षानुवर्षं त्या बाईला शोधत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला तेव्हा कळलं की अशी गुन्हेगार बाई नव्हतीच. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या बनवताना तिथे काम करणाऱ्या एका बाईचा डीएनए त्यांना लागत होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण त्याने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो. यंत्रांनी आणि शास्त्रज्ञांनी आपलं काम चोख केलं होतं आणि तरीही तपास वर्षानुवर्षं भरकटला.

म्हणून तुम्हाला कॅरीबॅगेबद्दल प्रश्न येतील ते बहुधा प्लॅस्टिकचे नसतीलच. पिशवी नवी होती की वापरलेली? तिच्यात आधी काही होतं का? मयताचे कपडे त्या खोलीत, त्या टेबलावर होते का? कॅरीबॅगेतून काढून पाकिटात घालेपर्यंत शर्ट तुमच्या नजरेसमोर होता की कुणी आतल्या खोलीत घेऊन गेलं? या प्रश्नांची उत्तरं जगातला कुठलाही डीएनए तज्ज्ञ देऊ शकत नाही, कारण तो तिथे नव्हता. तुम्ही होता. शांत बसून आठवा. जे आठवतं ते सांगा आणि जे आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ म्हणा. साक्षीदाराला वाटतं, आठवत नाही म्हटलं की आपण खोटे पडू, आणि तो अंदाजाने भर घालतो. तिथेच उलटतपासणीत पाय घसरतो. त्या दोघा पाहुण्यांनी शिकवलेलं ‘आठवत नाही’ वेगळं, ते खोटं आहे.

ऑफिसातल्यांचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते जरा ठासूनच सांगते. डीएनए जुळला म्हणजे नक्की काय झालं? सीलबंद पाकिटातून जो शर्ट प्रयोगशाळेत आला त्यावरचं रक्त आणि मयताचा म्हणून जो नमुना आला तो, ही दोन्ही एकाच माणसाची निघाली. एवढंच प्रयोगशाळा सांगू शकते. तो शर्ट आरोपीच्याच अंगावरचा होता हे आम्हाला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक आहे. मुद्देमाल आला की आमच्याकडे पहिलं काम म्हणजे पाकीट उलटंसुलटं करून सील बघायचं, पोलिसांच्या पत्रासोबत आलेल्या नमुना सीलशी ताडायचं, लेबलावरच्या सह्या आणि गुन्हा नंबर बघायचा आणि सीलं शाबूत आहेत का, नमुन्याबरहुकूम आहेत का, याची नोंद करायची. मगच कात्री. तुमच्या सहीचं लेबल त्या लाखेखाली असतं. ते नसेल तर अहवालातल्या आकड्यांना विचारतो कोण?

सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २०२२ मध्ये दिल्लीच्या एका अत्यंत क्रूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले तिघं सुटले. डीएनए अहवाल विरोधात होता, पण नमुने बरेच दिवस पोलिस ठाण्याच्या मालखान्यात पडून होते आणि त्यांच्याशी छेडछाड झाली नसेल याची खात्री देता येत नव्हती. २०२३ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या प्रकरणातही तसंच झालं. चिमुकल्या मुलीच्या खुनात फाशीची शिक्षा रद्द झाली, कारण नमुने पाठवायला झालेल्या उशिराचा खुलासा कुणाकडे नव्हता. ही दोन्ही निकालपत्रं वाचताना जीव तुटतो. त्या मुलींना न्याय मिळाला नाही आणि खरं कोण दोषी हेही आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या: नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवायची. शिवाय १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. राज्याराज्यांत ते हळूहळू लागू होतं आहे. तुमच्या वेळी यातलं काही नव्हतं. तुमच्या खटल्यात ते चित्रीकरण म्हणजे तुमचे डोळे.

रक्तगट आणि डीएनएचं विचारलंत. रक्तगट १९०१ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी शोधून काढले आणि पुढे कितीतरी दशकं खटल्यांत तेच वापरले गेले. पण गट चारच. आपल्याकडे बहुसंख्य लोक ओ किंवा बी गटाचे. शर्टावर ओ गटाचं रक्त निघालं आणि मयत ओ गटाचा असला तरी त्या गावातले एक तृतीयांशाच्या आसपास लोक कदाचित त्याच गटात बसतील. गट जुळला नाही तर माणूस वगळता येतो, जुळला तर फार काही सिद्ध होत नाही. डीएनएच्या वीसेक जागा एकदम जुळणं, हुबेहूब एकसारखी जुळी भावंडं सोडली तर, दोन माणसांत जवळजवळ अशक्य असतं. आणि त्याला रक्त किती थोडं लागतं! हा डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे तो पांढऱ्या पेशींतून काढावा लागतो. एका पूर्ण प्रोफाइलला साधारण एक नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे दीडशेक पेशी. सुईच्या टोकाएवढ्या रक्तातही त्याहून कितीतरी जास्त असतात.

कोर्टात तुम्हाला हमखास विचारतील, ‘डाग रक्ताचेच होते हे तुम्हाला कसं कळलं?’ पंचनाम्यात बहुधा ‘रक्तासारखे तांबडे डाग’ असं असेल आणि तेच बरोबर आहे. तुम्हाला तांबडा डाग दिसला. तो रक्त आहे की गंज, पान की रंग, हे आमचं काम. आम्ही डागावर गाळणकागद हलकेच घासतो, त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा खास तयार केलेला बिनरंगी द्राव टाकतो, काही सेकंद वाट बघतो आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्त असेल तर तिथल्या तिथे झगझगीत गुलाबी रंग फुटतो. पेरॉक्साइडच्या आधीच गुलाबी झालं तर ते रक्त धरायचं नाही. मुळा, बटाटा अशा भाज्यांच्या रसानेही कधी गुलाबी येतो, म्हणून एवढ्यावर कुणी थांबत नाही. पुढे ते माणसाचं आहे का हे तपासतात आणि मग डीएनए. इतक्या टप्प्यांनंतर जो शब्द आम्ही लिहितो तो तुम्ही ठाण्यातल्या ट्यूबलाइटखाली उभं राहून वापरावा, अशी अपेक्षा कुणीच करू नये.

डाग कुठे होता याला मात्र फार किंमत आहे. जुळलेला डीएनए सांगतो की हे मयताचं रक्त आहे. ते शर्टावर कसं आलं, कधी आलं, हे तो सांगत नाही. जखमीला उचलून रिक्षात घालणाऱ्याच्या कपड्यांनाही रक्त लागतं. तेव्हा फरक कळतो तो डागांची जागा आणि आकार बघून. बारीक तुषार उडाले होते की पुसल्यासारखा पट्टा होता, बाहीच्या बाहेरच्या अंगाला की आतल्या. आठवत असेल तेवढंच सांगा, पण साक्षीच्या आधी पंचनामा एकदा नीट वाचा. तुमच्याच सहीचा, त्याच वेळी लिहिलेला कागद आहे. आठवण ताजी करायला तो बघायची मुभा कायदा देतो आणि सरकारी वकील तुम्हाला तो दाखवतील.

मग शर्ट तुमच्यासमोर धरतील आणि विचारतील, हाच का? इथे बरेच पंच गडबडतात. मुद्देमाल होता तसा राहिलेला नसतो. रंग विटलेला असेल, डाग काळपट तपकिरी झाले असतील, कुबट वास येईल. बाहीवर चौकोनी भोकंही दिसतील. ती आमच्या कात्रीची असतात, डागाचा तुकडा तपासणीला कापून घेतलेला असतो आणि जागेवर पेनाने खुणा केलेल्या असतात. जप्तीच्या वेळी भोकं नव्हती, तर नव्हती म्हणा. आणि शर्टाआधी लेबल बघायला मागा. तुमची सही, दुसऱ्या पंचाची सही, तारीख. शर्टासारखे शर्ट बाजारात शेकडो मिळतील, लेबलावरची सही तुमचीच आहे की नाही हे तुम्हालाच ओळखू येईल.

आरोपी सुटेल का, हा तुमचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, म्हणून आणखी एक सांगते. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. दोनच वर्षांनी तिथल्या पोलिसांनी त्यांना दोन शाळकरी मुलींच्या खुनात मदत मागितली. एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यातला एक गुन्हा कबूल केला होता. दोन्ही गुन्हे त्याचेच हे सिद्ध व्हावं म्हणून नमुने पाठवले गेले. तपासणीत निघालं की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत आणि तो हा मुलगा नाही. कबुली देऊन बसलेला पोरगा सुटला. मग आसपासच्या पाच हजारांहून जास्त पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि खरा खुनी कोलिन पिचफोर्क याला १९८८ मध्ये जन्मठेप झाली. गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो असा, निर्दोष मुलाला आधी सोडवून. तुमच्या खटल्यातला आरोपी दोषी आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तुम्ही कॅरीबॅग लपवली आणि ती दुसऱ्या पंचाच्या तोंडून किंवा हवालदारांच्या उलटतपासणीतून बाहेर आली, तर मात्र सगळा पंचनामाच संशयात जाईल, लेबलासकट. तुम्ही होऊन सांगितलं तर बाकीच्या साक्षीवरही विश्वास बसतो. शिवाय खरी गोष्ट सांगणं म्हणजे फितूर होणं नव्हे, कुणी तसं म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका.

घरी आलेल्या त्या दोघांबद्दल आजच पोलिस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत सरकारी वकिलांना द्या. साक्षीदाराला धमकावणं किंवा वळवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो, सरकारी वकील मदत करतील. त्या दोघांशी फोनवरही बोलू नका. दुसऱ्या पंचाशी बसून ‘आपण काय सांगायचं’ हे ठरवायलाही जाऊ नका.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांची भीती खरी आहे, रात्री दाराशी दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली की कुणालाही वाटेल. पण पुढच्या वेळी बोलावलं तर जा, अशी माझी मनापासून विनंती आहे. फक्त सही करण्याआधी कागद वाचा, जे डोळ्यांनी दिसलं ते त्यात आहे का बघा आणि राहिलं असेल तर तिथेच लिहायला लावा. हवालदार घाईत असतात, थोडं चिडतील. चिडू देत.

रजा टाकू नका. तुम्हाला कार्यालयानेच पंच म्हणून पाठवलं होतं, तेव्हा समन्सची प्रत साहेबांकडे देऊन लेखी कळवून ठेवा. ओळखपत्र बरोबर न्या. साक्ष झाली नाही आणि पुढची तारीख पडली तरी कोर्टाच्या लिपिकाकडून त्या दिवसाच्या हजेरीचा दाखला मागून घ्या. तो कार्यालयात दिला की दिवस कामावर धरला जाण्यात अडचण येऊ नये. साक्षीदाराला प्रवासभत्ताही मिळतो, तिकीट जपून ठेवा.